बाहेरून कुलूप, आतून कडी

ईश्वरी अम्मा. आधी हे नाव लिहून ठेवते. पुढचं लिहिताना कदाचित हे पान अर्धंच राहील, मग निदान नाव तरी कागदावर असलं पाहिजे. उल्हासनगरला वालधुनी नाल्याच्या काठी आमची दहा खोल्यांची पत्र्याची चाळ होती आणि आमच्या शेजारच्या खोलीत ही सिंधी बाई एकटी राहून पापड लाटायची. माझा धाकटा भाऊ नंदू आज बदलापूरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो, त्याला दोन मुली आहेत, आईला तो सांभाळतो, हे सगळं अम्मामुळे. मी इथे मस्कतला एका घरी म्हाताऱ्या बाईची देखभाल करते आणि सातवी पास झालेल्या हातानं हे लिहिते आहे, तेही तिच्यामुळेच. आमच्या घरात एकानंही तिला कधी नीट तोंड उघडून त्याबद्दल काही म्हटलं नाही. मी तर नाहीच नाही.

माझी आई सुमन. तिची आठवण काढली की मला आधी तिची बोटं दिसतात, निळी. जीन्सच्या कारखान्यांतून शिवून आलेल्या पँटींचे लोंबते धागे कापायचं काम ती करायची. पाच नंबर कॅम्पातून गठ्ठे डोक्यावर घेऊन यायची, खोलीच्या मधोमध ओतायची, आणि त्या निळ्या ढिगात बसून छोट्या कटरनं कट कट कट असा जो आवाज सुरू व्हायचा तो दिवे लागेपर्यंत. त्या कापडाचा रंग हाताला लागायचा. भाकरीचं पीठ मळायच्या आधी ती लिंबाच्या सालीनं नखं घासायची, तरी तांदळाच्या पांढऱ्या भाकरीवर कधीकधी अंगठ्याच्या टोकाएवढी निळसर झाक यायची आणि नंदू तेवढा तुकडा मोडून बाजूला ठेवायचा. आई म्हणायची, "खा रे, विष नाय ते. माझ्या हातचाच रंग आहे." आम्ही ढिगाच्या दोन बाजूंना बसून मोठ्यानं अभ्यास वाचायचा, असा तिचा नियम होता. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. पण आम्ही कुठे अडखळलो ते तिला बरोबर कळायचं. कटर थांबवून ती नुसती वर बघायची आणि आम्ही ती ओळ पुन्हा वाचायचो. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करायला मीच तिला शिकवली होती. 'सुमन' एवढी तीन अक्षरं काढायला ती पाच मिनिटं घ्यायची आणि शेवटी पानाच्या कोपऱ्यात निळा ठसा राहायचाच.

बाबा बदलापूरला नव्या इमारतींच्या कामावर वॉचमन होते. तिथंच राहायचे, रविवारी घरी यायचे. त्यामुळे आठवडाभर आम्ही तिघंच. आईला सगळ्याची भीती वाटायची. नाल्याची, स्टोची, विजेच्या बटणाची, अनोळखी माणसाची, ओळखीच्या माणसाची जरा जास्तच. मागच्या गल्लीतला एक मुलगा पतंगामागे धावत नाल्यात गेला होता आणि मीही आता मोठी होत होते. घरी बसून धागे कापत होती तोवर ठीक होतं, आम्ही तिच्या डोळ्यांसमोर होतो. पण एक दिवस शेठनं गठ्ठे घरी द्यायचे बंद केले. कारण असं की आमच्याकडून गेलेल्या पँटींना सुक्या जवळ्याचा वास येत होता.

"बाई, वो जीन्स दुकान में जाती है, मच्छी मार्केट में नहीं," असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. घरी येऊन आईनं ते सांगितलं तेव्हा नंदू खोखो हसला, मीही हसले. आई हसली नाही. आता तिला कारखान्यात जाऊन बसायचं होतं, सकाळी आठ ते संध्याकाळी सात.

आमची शाळा सकाळची. साडेबाराला आम्ही घरी यायचो, तेव्हा आई जेवणाच्या सुट्टीत धावत यायची. भात, कुळथाची पिठी, असला तर जवळा. आम्ही जेवत असताना ती उभ्याउभ्याच दोन घास खायची आणि मग तिच्या सूचना सुरू व्हायच्या. स्टोला हात नाही. ओला हात बटणाला नाही. खिडकीत उभं राहायचं नाही. नंदूला रडवायचं नाही. एक वाजता ती बाहेर पडायची, आतून मी कडी लावायची, आणि बाहेरून ती भलंमोठं पितळी कुलूप घालायची. किल्ली सेफ्टी पिनेनं ब्लाउजच्या आत. बाहेरून कुलूप दिसलं की घरात कुणी नाही असं लोकांना वाटावं, आणि कुणी कुलूप तोडलंच तर आत कडी असावी, असा तिचा हिशेब होता. तेव्हाच्या चाळींतून कामाला जाणाऱ्या पुष्कळ बाया असंच करायच्या, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

पण आईला तेवढ्यानं पुरत नव्हतं. बाहेर पडण्याआधी ती माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवायची. तिथली कातडी गरम असायची, मंगळसूत्राचे मणी बोटांना टोचायचे. "शालू, कुणीही हाक मारू दे. ओ द्यायची नाय. कडी काढायची नाय. माझ्या गळ्याची शपथ." मी मान हलवायची. संध्याकाळी सातला कुलूप निघायचं, पण तरी मी कडी काढायची नाही. बाहेरून आई तीनदा म्हणायची, "सुटली, सुटली, सुटली." ज्यानं शपथ घातली त्यानंच सुटली म्हणायची असते, हे आम्हा मुलांना अ आ इ च्या आधी माहीत होतं. दुसऱ्या कुणी म्हणून चालत नाही. मग दार उघडायचं, आणि आई चप्पल काढायच्या आत आम्हा दोघांची डोकी हुंगायची. आधी नंदूचं, मग माझं. मी इथे रोज म्हातारीचे केस विंचरते तेव्हा कधीकधी नकळत तशीच वाकते, आणि मग स्वतःचीच लाज वाटून बाजूला होते.

ही शपथ खरी होती याचा मला पुरावाही मिळाला होता. एकदा वीजमीटर बघायला आलेल्या माणसानं दार वाजवलं, "घरात कोण आहे का?" म्हणाला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई नाहीये." त्याच संध्याकाळी आई तापानं फणफणून घरी आली आणि दोन दिवस उठली नाही. मी कुणाला काही बोलले नाही. तिच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत बसले आणि मनात एवढंच की दोन शब्दांना दोन दिवसांचा ताप, तर कडी काढल्यावर काय होईल.

आता अम्मा. साठीकडे झुकलेली, जाडजूड, गुडघे दुखायचे तिचे. चाळीसमोर खाट टाकून त्यावर पांढरी चादर, चादरीवर पापड वाळत घातलेले, आणि ती दारात पाटावर बसून लाटत असायची. मिरी कुटायला तिच्याकडे लोखंडी खलबत्ता होता. दुपारभर त्याचा ठण ठण आवाज भिंतीतून यायचा. तिच्याकडे कुणीही गेलं तर पाण्याबरोबर भाजलेला पापड मिळायचाच. पण आमचं जाणं बंद होतं, कारण तिचं आणि आईचं भांडण झालं होतं. आईनं एक रंग उतरलेली पँट धुऊन दोरीवर टाकली, तिचं पाणी वाऱ्यानं अम्माच्या चादरीवर उडालं आणि शंभरेक पापडांवर निळे ठिपके पडले.

"अरी सुमन!" अम्मा दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी. "ये नीला पापड अब कौन खायेगा? किसन भगवान?"

"मग माझ्या दारात खाट नका लावू," आई म्हणाली.

"तेरा दार? दार तर मालकाचा हाय. तू भाडा देते, मी पण भाडा देते."

"मग मालकालाच घाला पापड खायला!"

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद, आणि आम्हालाही ताकीद. तरी दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला आमच्या खिडकीच्या जाळीतून मोडक्या पापडाचे भाजलेले तुकडे आत यायचे. मी ते घ्यायची. शपथ ओ न देण्याची होती, काही न घेण्याची नव्हती, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. अम्मा जाळीला नाक लावून म्हणायची, "ये लडकी एक से सात गूंगी हो जाती है. आईनं कसम घातली काय?" मी काहीच बोलायची नाही. ती हसायची आणि निघून जायची. भिंत पत्र्याची होती, तिला आमच्या घरातलं सगळं ऐकू जात असणार. आईची रोजची शपथ, संध्याकाळचं सुटली, नंदूचे पाढे. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्या दिवशी नंदूला शाळेतून येतानाच थोडा खोकला होता. आई जेवण वाढून, शपथ घालून गेली. तीनच्या सुमाराला आम्ही जमिनीवर बसून त्याचा नकाशा रंगवत होतो. आधी वास आला. नाल्याचा वास आम्हाला नवा नव्हता. कारखान्यांचं पाणी त्यात कुठलंकुठलं यायचं, कधी ते लाल वाहायचं, कधी त्यावर फेस यायचा. हा वास वेगळा होता, घशात शिरून बसणारा, कुजक्या अंड्यांसारखा आणि त्यात काहीतरी आंबट. मी उठून खिडकी लावली, फटीत चादर कोंबली. तेवढ्यात गल्लीत धावपळ ऐकू आली. भांडी पडली, बाया ओरडू लागल्या, कुणीतरी जोरात म्हणालं, "गॅस! नाल्यात टँकर सोडलाय! पळा, रोडवर पळा!"

डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. नंदू म्हणाला, "ताई, आपण पण जायचं?" मी त्याला ओढून खाटेखाली घेतलं. लपायची आमची जागा तीच होती. तो गॅस जड असतो, जमिनीलगत साचतो, हे मला पुष्कळ वर्षांनी कुणीतरी सांगितलं, आणि ते ऐकल्यावर मी त्या दिवशी जेवू शकले नाही. आमच्या दारावर धाडधाड थापा पडल्या. पुरुषांचा आवाज होता. "अंदर कोई है? अरे कोई है क्या?" नंदूनं तोंड उघडलं. मी त्याच्या तोंडावर हात दाबला. त्याच्या नाकातलं पाणी माझ्या बोटांवर आलं, तो डोकं हलवत होता, आणि मी दुसऱ्या हातानं त्याची मान धरून दाबतच राहिले. बाहेर दुसरा कुणी म्हणाला, "ताला है, देख ना. चल, चल." पावलं लांब गेली.

मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नंदूलाही आठवत नाही, किंवा आठवत असून तो बोलत नाही. मदत दारात आली होती आणि मी माझ्या भावाचं तोंड दाबून ती परत पाठवली. मी बारा वर्षांची होते, मला कळत नव्हतं, असं लोक म्हणतील. पण मला कळत होतं. आत राहिलो तर आपल्याला काहीतरी होणार हे कळत होतं, आणि ओ दिली तर आईला होणार हेही कळत होतं. मी त्यातलं एक निवडलं होतं.

मग गल्ली अगदी शांत झाली. कुणाच्या तरी घरात टेप चालू राहिला होता, त्यावर एक बाई गात होती. खलबत्त्याचा आवाज नव्हता. भर दुपारी आमच्या चाळीत माणसाचा आवाज नाही असं मी कधीच ऐकलं नव्हतं. नंदूला उलटी झाली, सगळा भात आला. त्यानंतर तो माझ्या मांडीवर पडला आणि त्याचं अंग सैल झालं. मी त्याला हलवलं. डोळे अर्धे उघडे होते, पण तो माझ्याकडे बघत नव्हता. माझं डोकं दुखत होतं, भिंत जवळ आल्यासारखी वाटत होती. मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं की हाताला आईचा गळा लागायचा, गरम, मण्यांचा, आणि मी तोंड मिटायची.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. दारावर मोठा आवाज झाला, लोखंडावर लोखंड. "शालू! ओ शालू!" अम्मा होती. खोकत होती, शब्दाशब्दाला खोकत होती. नंतर कळलं की ती सगळ्यांबरोबर वर रोडवर पोचली होती. तिथं तिनं विचारलं, सुमनची पोरं कुठायत? लोक म्हणाले, त्यांच्या दाराला कुलूप आहे, आईबरोबर गेली असतील. अम्मा म्हणाली, एक बजे मेरे कान के सामने ताला लगा है, पोरं आत हायत. कुणी खाली यायला तयार झालं नाही. मग ती ओढणी पाण्यात बुडवून, तोंडाला गुंडाळून, दुखऱ्या गुडघ्यांनी उतार उतरून परत आली.

तिच्या बत्त्याच्या घावांनी कुलूप तुटत नव्हतं, पण कोयंडा तुटला. तिनं दार ढकललं. आतून कडी.

"कडी काढ, शालू! पुट, बेटा, कडी काढ!"

मी दाराशी गेले. हात कडीपर्यंत नेला आणि तिथंच ठेवला.

"आहेस ना आत? बोल!"

मी बोलले नाही. आज वाटतं, कुणीही दुसरं असतं तर शिव्या दिल्या असत्या, दार हाणलं असतं, नाहीतर आत कुणी नाही असं समजून निघून गेलं असतं. अम्मानं तोंड दाराच्या फटीशी आणलं. मग एकदम हळू आवाजात, जणू जाळीतून पापड देत असावी तशी, म्हणाली, "कसम हाय ना तुला? ठीक हाय. बोलू नको. मत बोल. थाली वाजव."

मी खाली पडलेली नंदूची जेवणाची थाळी उचलली आणि भिंतीवर आपटली. एकदा, दोनदा.

"शाब्बास! नंदू हाय तुझ्यासंगट?"

थाळी.

"तो उठतोय?"

मी थाळी वाजवली नाही.

बाहेर अम्माचा श्वास मला ऐकू येत होता, घुर्र घुर्र असा. "सुन, शालू. तुझी आई इथं नाय. तिच्या बदली मी बोलते. सुटली. सुटली. सुटली. ऐकला? ती कसम मी घेतली, माझ्या डोक्यावर. कोण मरायचा असेल तर मी मरेन. मी बुढ्ढी हाय, मला चालतो. तू कडी काढ."

दुसऱ्यानं म्हटलेली सुटली चालत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पण शपथ दुसऱ्याला अंगावर घेता येते असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि येत नाही असंही सांगितलं नव्हतं. मी कडी काढली.

अम्मानं नंदूला खांद्यावर टाकलं आणि ओल्या ओढणीचं एक टोक माझ्या नाकाला लावलं. आम्ही गल्लीतून निघालो. खाटेवर पापड तसेच होते, वाऱ्यानं अर्धे खाली पडलेले, त्यावरून अम्मा चालत गेली. एक कुत्रं गटाराशी बसून मान झुलवत होतं. उतार चढताना अम्मा तीनदा थांबली आणि तिन्ही वेळा मला वाटलं की आता ही मरते, कारण शपथ आता हिच्यावर आहे.

वर रोडच्या पलीकडे सिंध्यांचं दरबार नावाचं देऊळ होतं, त्याच्या अंगणात सगळे जमले होते. नळाखाली डोळे धूत होते, कुणी दुधाचे ग्लास वाटत होतं. एका दवाखान्यातला कंपाउंडर नंदूजवळ बसला, त्यानं त्याला कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं, पाठ चोळली, गालावर चापट्या मारल्या. मी मोजत होते. एकोणसत्तरला नंदू रडला. घोगरं, घाणेरडं, सुंदर रडणं. त्याला रिक्षातून दवाखान्यात नेऊन तासाभरानं परत आणलं, तोवर मी गेटकडे बघत उभी होते. आई कुठं आहे? पुलावर पोलिसांनी माणसं अडवली होती, कुणालाच इकडे सोडत नव्हते. ते मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की कडी मी काढली आणि आई आली नाही. आता ती येणारच नाही.

आई साडेपाचला आली. रुळांच्या बाजूनं वळसा घालून आधी घरी गेली होती. तिच्या हातात कुलूप होतं, त्याला तुटलेला कोयंडा लोंबत होता. तिनं मला पाहिलं, नंदूला पाहिलं, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कडी कुणी काढली?"

"मी."

तिनं माझ्या थोबाडीत मारली. मग दोघांना एकदम ओढून घेतलं आणि डोकी हुंगायला लागली, हुंगतच राहिली. तिला आमच्या केसांचा वास सापडत नव्हता बहुतेक, सगळ्याला तो गॅसचाच वास होता. मी तिच्या पोटात तोंड घालून विचारलं, "आई, तू आता मरणार का?"

"काय बोलतेस?"

"मी शपथ मोडली."

आईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती अंगणात फरशीवर मटकन बसली. "सुटली गो बाय, सुटली, सुटली," असं पुटपुटायला लागली. तिनं किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे.

खांबाला टेकून बसलेली अम्मा तिकडून म्हणाली, "अब क्या बोलते? वो तो मी घेतली. आता तुझ्याकडे नाय ती." आणि खोकत खोकत हसली. "तू काम पे जा. उद्या मी मेली तर पापड उचलून ठेव. तेरा नीला पानी मत गिराना."

कुणीतरी हसलं. आई उठून अम्माजवळ गेली. मला वाटलं पाया पडेल. तिनं पदर नळाखाली भिजवला आणि अम्माचे सुजलेले डोळे पुसले, मग गाल, मग कपाळ. अम्माच्या गोऱ्या गालावर निळ्या बोटांचे पुसट ओघळ उमटले होते. दोघींनाही ते दिसलं नसावं.

त्यानंतर आमच्या दाराला आईनं कधी कुलूप घातलं नाही. शपथही नाही. दुसरा एक शेठ गठ्ठे घरी द्यायला तयार झाला आणि ती पुन्हा खोलीत बसून धागे कापू लागली. जवळा मात्र आमच्या घरातून कायमचा गेला. आता बदलापूरच्या फ्लॅटमध्येही आई दिवसा दार अर्धं उघडं ठेवते. सोसायटीचे लोक येऊन सांगून जातात, काकू, चोऱ्या होतायत. ती हो म्हणते आणि दार तसंच ठेवते.

माझं मात्र काही सुटलं नाही. जूनमध्ये मला आठवीला दुपारच्या शाळेत जायचं होतं आणि नंदूची शाळा सकाळचीच राहिली. म्हणजे दुपारी तो माझ्या नजरेआड. आई घरीच असणार होती, तरी मी वर्गात बसले की हाताला त्याचं नाक लागायचं, ओलं, आणि मला दरदरून घाम यायचा. दोनदा मी मधल्या सुट्टीत पळून घरी आले. तिसऱ्यांदा आईला सांगितलं की मी शाळेत जाणार नाही, तुझ्याबरोबर धागे कापीन. मला कुणी काढलं नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण लोकांना वाटतं गरिबीनं काढली असेल. भांडली ती अम्मा. दोघींचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, म्हणजे भांडणंही सुरू झाली होती. "सुमन, पोरीला शाळेत घाल! मी कशाला उतरली खाली? धागा कापायला वाचवली काय हिला?" मग मला म्हणाली, "तू तरी बोल ना! आता तर गूंगी नाय तू." मी त्या दिवशीही बोलले नाही.

अम्माचा खोकला राहिला तो राहिलाच. मिरी कुटली की तिला धाप लागायची. प्रत्येक खोकल्याला मी कटर थांबवून भिंतीकडे कान द्यायची. ते आमचंच तिच्या अंगावर गेलेलं आहे, असं वाटायचं. ती मेली असती तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं? पण ती जगली, माझं लग्न बघितलं, ते मोडलेलंही बघितलं, आणि मी मस्कतला यायला निघाले तेव्हा तिनं पापडाचं पुडकं माझ्या बॅगेत कोंबलं आणि विचारलं, "उधर बोलती रहेगी ना?"

आता ती नव्वदीच्या आसपास आहे, विठ्ठलवाडीला भाचीच्या घरी, अंथरुणावर. नंदू रविवारी जाऊन येतो. गेल्या महिन्यात त्यानं फोन तिच्यासमोर धरला. तिनं मला ओळखलं नाही. भाची दिवसभर नोकरीला असते, पाठीला जखमा झाल्यात, असं नंदू सांगत होता, आणि मी इथे दुसऱ्याच्या आईला तिसऱ्यांदा कूस बदलून देत होते. शाळा सुटल्यावर मी फार काही शिकले नाही. पण म्हातारं शरीर दुखू न देता कसं उचलायचं, पाठ कशी कोरडी ठेवायची, गिळताना घास अडकू नये म्हणून मान कशी धरायची, हे मला चांगलं येतं. इथली मुदत संपायला पाच महिने आहेत. मालकिणीला मी सांगून टाकलंय की मी पुन्हा सही करणार नाही. अम्मा, मी येते आहे. तुझ्या खाटेशी बसेन, तुला रोज आंघोळ घालीन, आणि तुला ऐकू येवो न येवो, दिवसभर बोलत राहीन. फक्त पाच महिने. तेवढे काढ.